आत्याची चार घड्याळं

१२ जून २०१३

प्रिय आत्या,

आधी खोकं उघड, मग पत्र वाच.

उघडलंस? त्यात काळा ठोकळा दिसतोय ना, ते घड्याळ आहे. आमच्या कंपनीचं पहिलंवहिलं. काचेखाली वेळ दिसते, पावलं मोजली जातात आणि फोनवर काही आलं की ते मनगटाला कळवतं. कळवण्याचं काम एक नखाएवढी मोटर करते. ती मोटर निवडली कोणी, तपासली कोणी, तिच्यापायी साहेबांची बोलणी खाल्ली कोणी? तुझ्या भाचीनं.

सोबत एक पांढरी डबी आहे. ती दाराच्या बेलशेजारी चिकटव. बेल वाजली की घड्याळ थरथरेल. एकविसाव्या वर्षी तापात तुझे कान गेले, तेव्हापासून तुझ्या दाराशी येणारा माणूस एक तर खिडकीवर खडे मारतो, नाही तर माघारी जातो. आता तसं होणार नाही.

घालून बघ आणि सविस्तर लिही. मेसेजवर तू नुसतं ‘बरं’ लिहितेस, त्यातून मला काडीचं कळत नाही. पत्रात मात्र तू मोकळी होतेस. खरं लिही हं. कौतुक करायला बाबा आहेत.

तुझी,
भिंगरी

---

८ जुलै २०१३

भिंगरे,

खरं लिही म्हणालीस, तर घे.

याला घड्याळ म्हणण्यापेक्षा मनगटावर बांधलेली साबणाची वडी म्हणावं. बाहीचं बटण लागेना. मी बाही उसवून सैल केली. तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला शिवण येत नसेल तर त्यानं काय करायचं, ते साहेबांना विचार. सकाळी सातला घातलं की दुपारी चारला मान टाकतं. पाण्याचं त्याला वावडं. आमच्या छापखान्याच्या बाइंडिंगखात्यात हाताला सरस लागतो, दिवसातून वीसदा हात धुवावे लागतात. म्हणजे वीसदा काढा, वीसदा घाला. कामापेक्षा सोपस्कार जास्त.

आता मोठी तक्रार. याची भुणभुण सगळ्याला सारखीच. बेल वाजली तरी तीच माशी, मेसेज आला तरी तीच माशी. रविवारी मी तेरा वेळा उठून दार उघडलं. बारा वेळा बाहेर कुत्रंही नव्हतं. कुठल्याशा दुकानात चपलांवर सूट होती, ती ते मला दिवसभर सांगत होतं.

तेराव्या वेळी दारात पलीकडची शिक्षिका बाई उभी होती. हात अजून बेलवरच. ती दचकली आणि म्हणाली, “इतक्या लवकर?” तिचे ओठ मला नीट वाचता आले. सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला आत बसवलं आणि ती दोन तास बसली. एरवी ती दारावर चिठ्ठी लावून जाते.

तेव्हा तुझी साबणाची वडी मी वापरणार. पण तिला जरा शिकव.

आत्या

---

२० ऑक्टोबर २०१४

प्रिय आत्या,

दुसरं घड्याळ पाठवतेय. तुझं पत्र मी खात्यात वाचून दाखवलं होतं. ‘साबणाची वडी’ हे नाव इतकं चिकटलं की साहेबसुद्धा बैठकीत तेच म्हणतात.

हे साबणालाही घाबरत नाही, पाण्यालाही नाही. जोडाला आतून रबराचं कडं बसवलंय, आता वीसदा हात धू. चार्जिंगची पिन काढून टाकली, मागून चुंबकानं चिकटतं. चिप लहान झाली, वीज कमी खाते, त्यामुळे पूर्ण दोन दिवस चालेल. पट्टाही बदलता येतो.

मोटर मात्र तीच आहे आत्या, आणि तिच्याकडून मी काही वेगळं करवून घेऊ शकले नाही. का, ते सांगते. तिच्या आत एक चाक असतं आणि चाकाच्या एका अंगाला वजन. ते गरगर फिरलं की थरथर होते. म्हणजे माझ्यासारखी भिंगरीच. पण भिंगरीला वेग धरायला वेळ लागतो आणि थांबायलाही. बेलसाठी दोन ठोके आणि मेसेजसाठी एक, असं करायला गेलं तर ठोके एकमेकांत मिसळतात आणि शेवटी माशीच होते.

दुसऱ्या जातीची मोटर आहे. तिच्यात वजन स्प्रिंगवर बसवलेलं असतं. ते फिरत नाही, मागेपुढे धक्का देतं. क्षणात सुरू, क्षणात बंद. पण ती लांबट आहे, तिला जागा लागते. आणि जागेचे मालक आहेत आमचे डिझाइनवाले. आम्ही त्यांना पातळराव म्हणतो. कागदाएवढं पातळ घड्याळ झाल्याशिवाय ते डोळे मिटायचे नाहीत. ते म्हणतात, “हवं तर मोटरचा जोर वाढव, जागा मागू नकोस.”

पुढच्या महिन्यात बैठक आहे. मला मुद्दे दे. थरथर म्हणजे काय ते माझ्या खात्यातल्या कुणाहीपेक्षा तुला जास्त कळतं.

भिंगरी

---

४ नोव्हेंबर २०१४

भिंगरे,

पातळरावांना माझा निरोप सांग : जोर नको, कड पाहिजे.

म्हणजे काय ते ऐक. आमच्याकडे फर्मे शिवायचं यंत्र आहे. छापून घडी घातलेले कागदाचे गठ्ठे म्हणजे फर्मे. ते यंत्र मी तेवीस वर्षं चालवतेय. सुई बोथट झाली की बाकीच्यांना आवाज बदललेला कळतो, मला तळपायातून कळतं, तेही त्यांच्या आधी. फोरमन मला विचारल्याशिवाय सुई बदलत नाही. पण शेजारी कटिंग मशीन सुरू झालं की मला काही कळेनासं होतं. ते फार मोठं हादरतं म्हणून नव्हे. ते गढूळ हादरतं. सुरुवात कुठे, शेवट कुठे, पत्ता लागत नाही.

तू आणि तुझा भाऊ लहानपणी माझ्याकडे राहायचात, तेव्हा मला हाक कशी मारायचात? लाकडी जमिनीवर पाय आपटून. तू दोनदा टप-टप, तो एकदाच पण टाच रोवून. मी पाठमोरी भांडी घासत असले तरी कोण हाक मारतंय ते मला कळायचं. तू तर पाच वर्षांची काडी होतीस, जोर कुठला असणार तुझ्यात? पण तुझ्या टपला कड होती. चांगल्या कापलेल्या पानाला असते तशी. बोट फिरवलं की कळतं, इथे पान संपलं.

एवढं सांग त्यांना. नाही पटलं तर त्यांना पुठ्ठ्यात बांधून पाठव, मी इथे शिवते.

पाण्याचं काम झकास झालंय. पट्टा आवडला.

आत्या

---

१५ फेब्रुवारी २०१६

प्रिय आत्या,

बरेच दिवस पत्र नाही, रागावू नकोस. कामाचा डोंगर होता.

तिसरं घड्याळ पाठवतेय. केवढं पातळ आहे बघ! बाहीचं बटण आरामात लागेल. मागच्या बाजूला हिरवा दिवा आहे, तो त्वचेतून रक्ताची लय बघून नाडी मोजतो. काचही आता कायम उजळ राहते, मनगट झटकावं लागत नाही.

मोटरही थोडी लहान झाली आहे. वापरून बघ.

मी मजेत. बाबाही.

भिंगरी

---

३ एप्रिल २०१६

भिंगरे,

घड्याळ पोचलं. दिसायला देखणं आहे. सध्या घालत नाही.

पाय जरा मुरगळला होता, आता बरा आहे. काळजी नको.

आत्या

---

११ मे २०१६

आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र मी महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरतेय. त्यात एकही तक्रार नाही. म्हणजे तू रागावलीस. बरोबरच आहे तुझं.

मी तुला खरं लिहिलं नव्हतं. त्या बैठकीत मी हरले. ‘जोर नको, कड पाहिजे’ असं मी म्हटलं तेव्हा पातळरावांनी विचारलं, “कडेचं माप काय? किती मिलिमीटर?” सगळे हसले. मोटरची जागा अजून कमी करून बॅटरीला दिली आणि मला चार्जरच्या खात्यात बसवलं. दीड वर्ष मी वायरी वाकवून बघतेय, कितव्यांदा तुटतात ते मोजतेय. तिसऱ्या घड्याळात माझं काही नाही. ती मोटर इतकी दुबळी आहे की मलाच धड कळत नाही, मग तुझ्या हाती ती देताना मला लाज वाटत होती. म्हणून ‘मी मजेत’ असं लिहिलं.

दुसरीकडे अर्ज टाकलाय. पंख्यांच्या कारखान्यात. तिथे भिंगरीला तरी मान असेल.

रागावली असशील तर तसं लिही. पण गप्प राहू नकोस.

भिंगरी

---

२ जून २०१६

अगं वेडे,

मी रागावले नव्हते. मी लपवत होते. तू माझी भाची शोभतेस खरी, दोघींनी एकाच वेळी एकमेकींना फसवलं.

आता माझं ऐक. पाय मुरगळला नव्हता, मोडला होता. जानेवारीत. कागदाच्या रिळांसाठी आमच्याकडे फोर्कलिफ्ट आणली. ती मागे येताना हॉर्न वाजवते. सगळ्यांना वाजवते, मला कशी वाजवणार? मी फर्मे उचलायला वाकले होते. घोट्याच्या वर दोन जागी हाड मोडलं. चालवणारा बिचारा नवा होता. माझ्यापेक्षा जास्त तोच रडला.

त्यात तुझ्या घड्याळाची चूक नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतंच. वर्षभरापूर्वी फोरमननं नियम केला : यंत्राजवळ मनगटात काहीही घालायचं नाही. घड्याळ नको, अंगठी नको. नियम चांगला आहे, पट्टा अडकला तर हात जाईल. मी तुला कळवलं नाही. म्हटलं, पोरगी एवढी राबतेय, तिला कशाला सांगा की तुझी वस्तू खुंटीला टांगलीय.

बरी झाल्यावर मला वरच्या मजल्यावर लेबलं चिकटवायला बसवलं. फोरमन वाईट माणूस नाही. मला दिसावं म्हणून समोर येऊन, सावकाश ओठ हलवत म्हणाला, “बाई, तुमच्या मागे मी कुणाकुणाला उभं करू?” मी लेबलांचा गठ्ठा उचलला आणि जिना चढले.

पण लेबलं चिकटवताना डोकं रिकामं असतं, म्हणून मी एक उद्योग केला. तुझं दुसरं घड्याळ घेतलं, पट्टा काढला. आतल्या कपड्याला गळ्यापाशी, हाडावर येईल असा एक खिसा शिवला, बाइंडिंगच्या कापडाचा, घट्ट. शिक्षिका बाईला तिच्या घरी बसवलं आणि मेसेज पाठवायला लावले. भिंगरे, मनगटावर जी माशी होती, ती हाडावर ठोका झाली! गढूळ आहे, पण आहे ठोकाच. मग तिसरं घड्याळ तिथे ठेवलं. दहापैकी चार कळले. दुसऱ्याचे नऊ. आकडे खाली लिहिलेत, रोजचे, एकवीस दिवसांचे. तुझे पातळराव माप मागत होते ना? हे घे माप.

शिवाय पट्टा नाही, यंत्रात अडकायला काही नाही. फोरमनचा नियमही मोडत नाही. आता फक्त तुझी ती स्प्रिंगवाली मोटर हवी.

पंख्यांच्या कारखान्यात जायचं तर जा, पण हरून जाऊ नकोस. मला अजून तेरा वर्षं काम करायचंय, आणि तेही खाली, माझ्या यंत्रावर.

आत्या

---

९ जानेवारी २०१७

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग बाबांशी भांडले. त्यांनाही तू ‘मुरगळला’ असंच कळवलं होतंस. मग तुझे आकडे घेऊन थेट मुख्य साहेबांकडे गेले. ते स्वतः बॅटरीचे जुने कारागीर, आकडा दिसला की खुर्चीत सरळ बसतात. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “या बाई कुठल्या प्रयोगशाळेत असतात?”

“लेबलांच्या खोलीत,” मी म्हटलं.

त्यांनी मला सहा महिने दिले. नशीबही साथीला आलं. पहिल्या घड्याळात वेगवेगळ्या सात चिपा होत्या, आता त्या सगळ्या एकाच चिपेत मावल्यात. चिपा बसवायची मधली पट्टी अर्धी झाली. पहिल्यांदाच आत मोकळी जागा आहे, आणि ती जागा कुणाची यावरून आता भांडण आहे. पातळराव म्हणतात, ती कुणाचीच नाही, घड्याळ अजून पातळ करू.

नमुना तयार आहे. पण साहेब म्हणतात, आकडे पाठवणाऱ्या बाईंनी येऊन दाखवावं. येशील? सगळ्यांसमोर बसावं लागेल. तुला अनोळखी माणसांत बोलायला आवडत नाही हे मला माहीत आहे. नाही म्हणालीस तरी चालेल.

भिंगरी

---

६ मार्च २०१७

प्रिय आत्या,

घरी सुखरूप पोचलीस, बाबांनी सांगितलं. इथे असताना धड बोलता आलं नाही. आणि खोलीत काय झालं ते तू बघितलंच नाहीस, कारण तुला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. म्हणून तुझ्या पाठीमागे काय घडलं ते आता मी लिहिते.

आम्ही सात जण होतो. संदेशांच्या पाच जाती, प्रत्येकीचे ठोके वेगळे. ते तू आदल्या दिवशी अर्ध्या तासात शिकलीस. पहिला गेला. तुझा हात लगेच वर, दोन बोटं, म्हणजे दुसरी जात. बरोबर. दुसरा, तिसरा बरोबर. चौथ्याला साहेबांनी पेन खाली ठेवलं. सहाव्याला तू बोट वर करायला जराही थांबली नाहीस, तेव्हा चार्जरखात्यातला माझा मित्र टाळी वाजवायला निघाला, मी त्याचा हात धरला.

मग पातळरावांनी लबाडी केली. संदेश पाठवलाच नाही, नुसतं आमच्याकडे बघून डोळा मिचकावला आणि टेबलाच्या पायाला हळूच बूट लावला. तू मान न वळवता म्हणालीस, “हे घड्याळाचं नाही. टेबलाला कुणाचा तरी बूट लागला. उजवीकडून.”

आत्या, काय हशा पिकला म्हणून सांगू! पातळराव कानापर्यंत लाल झाले. पण माणूस सच्चा निघाला. उठले, तुझ्या समोर येऊन उभे राहिले, तिथून पुढचं तुला माहीत आहे : “मला दाखवा कुठे ठेवता ते.” तू तुझा जादा खिसा त्यांच्या शर्टाला टाचण्यांनी लावून दिलास. त्यांनी डोळे मिटले. मी तुझे बेलचे दोन ठोके पाठवले.

तू हात धुवायला गेलीस तेव्हा त्यांनी मला विचारलं, “किती जागा हवी?”

“अर्धा मिलिमीटर.”

“घे. आणि पट्ट्यापासून चटकन सुटेल असा साचा मी काढतो. मागच्या बाजूला चिमटाही देतो, खिसा शिवायला सगळ्यांना थोडाच येतो?”

मी पुन्हा मोटरखात्यात आलेय. पंखेवाल्यांना नाही म्हणून कळवलं.

आता तुझ्या फोरमनचं बघायचं. फोर्कलिफ्टवर बसवायची एक डबी आम्ही करतोय. गाडी पंधरा पावलांच्या आत आली की घड्याळ ठोके देईल. दुसरी डबी भोंग्याला. पण ते ठरवायचं तुझ्या कारखान्यानं, तिथे माझं काही चालणार नाही. तू बोल त्यांच्याशी.

भिंगरी

---

२३ सप्टेंबर २०१८

भिंगरे,

चौथं घड्याळ पोचून दोन महिने झाले. पत्र मुद्दाम थांबवलं होतं. काम फत्ते झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

फोरमनला पटवायला मला तोंड उघडावं लागलं. तुमच्या खोलीत जीभ सैल झाली ते बरंच झालं. तो म्हणाला, डबीची बॅटरी संपली तर? मी म्हटलं, रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी एकदा ठोका तपासायचा, कळला नाही तर मी त्या दिवशी वर जाईन. तो म्हणाला, तुम्हाला कामाच्या नादात कळलं नाही तर? मी म्हटलं, बोथट सुई कामाच्या नादातच कळते ना मला? त्यावर तो हो म्हणाला. तरी एक महिना त्यानं रोज पाठीमागून तपासलं. मध्ये एक दिवस डबी खरंच बंद पडली, सकाळीच कळलं, मी निमूट वर जाऊन लेबलं चिकटवली. मला वाटतं, त्या दिवशी त्याचा विश्वास बसला. गेल्या सोमवारपासून मी खाली आहे, माझ्या यंत्रावर. सुई बोथट झाली होती. कुणाला अजून पत्ता नव्हता.

तक्रारी नंतर लिहीन, दोन आहेत. आज गुरुवारचं सांगते.

फोर्कलिफ्ट चालवणारा तोच आहे. ज्यानं मला पाडलं तो. मी वर असताना जेवायला खाली यायचे, तेव्हा मी दिसले की तो गाडी बंद करायचा, खाली उतरायचा, वळसा घालून माझ्या समोर यायचा, हात हलवायचा, मी मान डोलावली की परत जाऊन गाडीवर बसायचा. रोज. अडीच वर्षांत एकदाही चुकला नाही. मी पुष्कळदा सांगितलं, अरे पुरे. तरी दुसऱ्या दिवशी तो उतरायचाच.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही तो तसाच उतरला. घड्याळानं मला आधीच सांगितलेलं असायचं, तरी मी त्याच्यासाठी थांबायचे. गुरुवारी फोरमननं त्याला काहीतरी समजावलेलं दिसलं. दुपारी मी शिवत होते. गळ्यापाशी ठोके आले, तीन, स्वच्छ, कडा असलेले. मी मागे बघितलं नाही. एक पाऊल उजवीकडे सरकले आणि हातातला फर्मा तसाच यंत्रात घातला. जमीन हलली, वारा लागला, आणि गाडी माझ्या शेजारून पुढे गेली. तो बसलेलाच होता.

तो टोकापर्यंत गेला, वळला, आणि परत आला. पुन्हा ठोके, पुन्हा मी एक पाऊल सरकले. तिसऱ्यांदा ठोके आले तेव्हा मी वळून बघितलं. गाडी रिकामी होती.

“अरे, माल कुठाय?” मी विचारलं.

तो एका हातानं डोळे पुसत होता आणि हसत होता. मग फोरमननं तिकडून हाक मारली असावी, कारण तो एकदम दचकला आणि गाडी घेऊन निघाला. मी यंत्राकडे वळले. दोनशे फर्मे शिवायचे राहिले होते.

आत्या